फायनल फँटसी ७ रीमेक : काही महिने खेळून झाल्यावर

१९९७ च्या मूळ गेममध्ये एटीबीची (अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल, म्हणजे हल्ल्याची पाळी कधी येणार ते दाखवणारी) पट्टी आपोआप भरायची. ती भरेपर्यंत वाट बघायची आणि मग मेन्यूतून हल्ला निवडायचा. २०२० च्या रीमेकने पट्टी ठेवली, पण भरायचं काम खेळाडूवर टाकलं. साधे हल्ले केले की ती भराभर भरते, बचावात थोडीफार, नुसतं उभं राहिलं तर रांगत. जादू, खास हल्ला, अगदी पोशनसुद्धा (जीव भरून काढणारं औषध) तिच्यातला टप्पा खर्चूनच वापरता येतं. नवा खेळाडू इथेच अडकतो. चौकोनाचं बटण बडवत बसतो, शत्रूचा एचपी (उरलेला जीव) जेमतेम हलतो आणि लढाई पोकळ वाटू लागते. साधा हल्ला मुख्यतः पट्टी भरायला आहे, हे कळलं की सगळा खेळ बदलतो.

मेन्यू उघडला की वेळ जवळपास थांबतो, तेव्हा घाई करू नका. एल२ आणि आर२ दाबून सोबत्यांनाही तिथूनच हुकूम देता येतो. सोबत्यांच्या पट्ट्या मात्र हळू भरतात, त्यामुळे पात्र सतत बदलत राहावं लागतं. शत्रू बहुतेक वेळा आपण चालवत असलेल्या पात्रावरच तुटून पडतात. जादू म्हणताना जोरदार फटका बसला तर एमपी (जादूला लागणारी शक्ती) आणि एटीबी दोन्ही वाया जातात. म्हणून नायक क्लाउडला पुढे ठेवून शत्रूला गुंतवावं आणि मागे उभ्या सोबतीण एअरिथला मेन्यूतून क्युअर (जखमा भरणारी जादू) टाकायला सांगावं.

खरी गंमत स्टॅगरमध्ये, म्हणजे शत्रू काही सेकंद हतबल होतो त्या अवस्थेत आहे. अनोळखी शत्रूवर आधी असेस (शत्रूची माहिती दाखवणारी आज्ञा) वापरा. तो कशाने दबावाखाली येतो ते तिथे लिहिलेलं असतं. दबावात असताना क्लाउडचा फोकस्ड थ्रस्ट हा खास हल्ला मारला की स्टॅगरची पट्टी झपाट्याने वर जाते. पण ती भरण्याआधी हात आवरा आणि दोघातिघांचे एटीबी शिल्लक ठेवा. स्टॅगर झालेल्याला १६० टक्के मार बसतो आणि सोबतीण टिफाचे खास फटके तो आकडा आणखी चढवतात. म्हणजे आधी टिफा, मग बाकीचे. रिकाम्या पट्ट्यांनी स्टॅगर गाठला तर ते मोलाचे सेकंद हातचे जातात.

पनिशर मोडमध्ये (क्लाउडचा दुसरा, जोरदार वारांचा पवित्रा) आर१ धरला की जवळचा वार अडवून क्लाउड लगेच उलट वार करतो. गोळ्या आणि जादूपुढे हे चालत नाही. उडणारे शत्रू ही या गेमची सर्वांत कच्ची बाजू: क्लाउड हवेत निष्फळ उड्या मारतो. तिथे सरळ लांबून गोळ्या मारणारा बॅरेट घ्यावा. अरुंद जागेत कॅमेराही फार त्रास देतो.

क्लासिक मोडमध्ये पात्रं आपोआप लढतात, आपण फक्त आज्ञा निवडायच्या. जुन्या चाहत्यांसाठी कल्पना सुंदर आहे. पण पीएस४ वर ती सोप्या पातळीलाच बांधलेली होती, त्यामुळे आज्ञा विचार करून निवडायची गरजच उरत नव्हती. २०२१ च्या इंटरग्रेड या सुधारित आवृत्तीमध्ये क्लासिकला नॉर्मल पातळी मिळाली. टर्न-बेस्ड (पाळीपाळीने लढायच्या) गेमची सवय असलेल्याने तीच निवडावी.

कथा संपल्यावर हार्ड मोड उघडतो. तिथे वस्तू वापरता येत नाहीत आणि बाकावर विश्रांती घेऊन एमपी परत मिळत नाही. तिथे प्रेयर मटेरिया (शस्त्रात किंवा चिलखतात बसवायचा, क्षमता देणारा गोळा) लावाच: दोन टप्पे एटीबी जातो, पण एमपी न खर्चता सगळ्यांचा एचपी वाढतो. जोडीला फर्स्ट स्ट्राइक मटेरिया ठेवला तर लढाई सुरू होतानाच पट्टी थोडी भरलेली मिळते.