एअर प्युरिफायर: चेंबूरच्या घरात वर्षभर वापरल्यावर

आमच्या समोरची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं की सिमेंटची पूड हाताला लागायला लागली. सासूबाईंना दमा. रात्री दोन-दोनदा पंप घ्यायची पाळी आली तेव्हा १४,५०० रुपयांना हे मशीन घेतलं.

त्यांच्या खोलीत ते खरंच उपयोगी पडतं. दार-खिडकी लावून अर्धा तास चालवलं की पडद्यावरचा पीएम २.५ चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आकडा १४० वरून पंचविसाच्या आसपास येतो. (आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५.) एका संध्याकाळी सवयीने डासांची कॉइल लावली, तर आकडा बघता बघता ३०० पार! इतकी वर्षं हा धूर आम्हीच त्यांच्या उशाशी ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची मच्छरदाणी काढली. तीन महिन्यांनी मागचं झाकण उघडलं, तर फिल्टरच्या पांढऱ्या घड्या पार राखेसारख्या झालेल्या. हे सगळं त्यांच्या छातीत गेलं असतं.

आता तक्रारी. दुकानदार म्हणाला, "हॉललाही हाच पुरेल." नाही पुरत. खोक्यावर सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा. आमचा ताशी २५० घनमीटर आहे, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीतली हवा तासाला सातेक वेळा गाळली जाते, तीही पूर्ण वेगावर. त्या वेगात आवाज इतका की झोप लागत नाही. म्हणून आम्ही निजण्याआधी तासभर जोरात चालवतो, मग मंद ठेवतो. यातला हेपा फिल्टर (त्याच घड्यांचा) बारीक कण अडवतो, वायू नाही. फोडणीच्या ठसक्याला खिडकी आणि एक्झॉस्टच हवा. नवा फिल्टर ३,२०० चा, आणि बांधकामाशेजारी तो वर्षभर टिकत नाही.

सासूबाईंना आता रात्रीचा पंप क्वचित लागतो. सकाळचा मात्र चालूच आहे, तो बंद करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

मशीन घेतलं म्हणून समोरच्या धुळीकडे डोळेझाक करू नका. पत्रे, हिरवं कापड, पाण्याचा फवारा हे सगळं पालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांत आहे. आम्ही फाटक्या कापडाचे फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार दिली. तीन आठवड्यांनी नवं कापड लागलं. पाणी अजून रोज मारत नाहीत. दुसरा अर्ज सोमवारी देतेय.