गॉल फेस हॉटेल, कोलंबो: कोणती खोली घ्यावी, कोणत्या वेळी कुठे बसावं

कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलात उतरणाऱ्यांचा हिरमोड झालाच, तर तो बहुतेक वेळा एका गैरसमजामुळे होतो. ‘समुद्राकाठचं हॉटेल’ म्हटलं की डोळ्यांपुढे वाळू येते. इथे कठड्याच्या खाली खडक आहेत आणि लाटा थेट त्यांच्यावर फुटतात. समुद्रात उतरायची सोय नाही, पोहायचं ते हॉटेलच्या तलावात. मुलांना वाळूत खेळायचं असेल, तर दक्षिणेला साधारण बारा किलोमीटरवरचं माउंट लॅव्हिनिया हॉटेल घ्यावं. १८०६ च्या सुमाराचं ब्रिटिश गव्हर्नर मेटलंड यांचं निवासस्थान ही त्या वास्तूची सुरुवात. १९४७ पासून तिथे हॉटेल आहे आणि पायथ्याशी खरोखरच वाळूचा किनारा आहे. जुनी वास्तू आणि वाळू एकत्र हवी असेल, तर उत्तर ते आहे.

गॉल फेस हॉटेलची गोडी वेगळी. १८६४ मध्ये सुरू झालेलं हे हॉटेल सुएझच्या पूर्वेकडच्या सर्वांत जुन्या हॉटेलांमध्ये गणलं जातं, पण त्याचं खरं भाग्य जागेत आहे. पश्चिमेला उघडा हिंदी महासागर, उत्तरेला गॉल फेस ग्रीन, म्हणजे गव्हर्नर हेन्री वॉर्ड यांनी १८५९ मध्ये आखलेलं सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचं मोकळं मैदान. शहराच्या ऐन मध्यात असूनही दोन बाजूंनी इमारतींचा अडसर नाही.

म्हणूनच खोली निवडताना आकाराच्या आधी दिशा विचारावी. पश्चिमेची, समुद्राकडे तोंड असलेली खोली सगळ्यात महाग आणि पैसे वसूल करणारीही तीच. मात्र झोप सावध असेल, तर लाटांचा आवाज रात्रभर येतो हे धरून चाला. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात तेव्हा या किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो आणि बाल्कनीच्या काचेवर मिठाचा थर बसतो. मैदानाच्या बाजूच्या खोल्यांतून पतंग, फेरीवाले आणि फिरायला आलेली कुटुंबं दिसतात. दृश्य सुंदर, पण शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत गजबज असते. गॉल रोडच्या बाजूची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. समुद्र दिसणार नसेल, तर तेवढ्या पैशांत कोलंबोत नवी आणि जास्त सोयींची हॉटेलं आहेत. ‘ओशन व्ह्यू’ असं नुसतं लिहिलेलं असेल, तर समोरून दिसतो की बाजूने, हे आरक्षणाआधी लेखी विचारून घ्या.

जुन्या वास्तूत एसी लावून बाल्कनीचं दार उघडं ठेवायची चूक हटकून होते. बाहेरची दमट हवा आत येते, थंड फरशीवर आणि आरशावर पाणी धरतं, खोलीला कुबट वास येतो. एसी किंवा उघडं दार, दोन्हींपैकी एकच काय ते ठेवावं. कॅमेऱ्याचंही तसंच: गार खोलीतून थेट बाहेर काढला की भिंगावर बाष्प जमतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तो पिशवीतच ठेवून बाहेर आणावा, म्हणजे ऐन वेळी धुरकट फोटो येत नाहीत. ओले कपडे बाल्कनीत वाळवू नयेत, खारट वाऱ्यात ते चिकटच राहतात.

संध्याकाळ हा इथला मुख्य प्रसंग. कोलंबो विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्यास्ताची वेळ वर्षभर फारशी हलत नाही, पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान असते. घड्याळ भारतासारखंच. काळ्यापांढऱ्या फरशीच्या ‘चेकरबोर्ड’ अंगणात पाचच्या आत टेबल धरावं, साडेपाचनंतर कठड्यालगतची जागा मिळणं अवघड. समुद्र खवळलेला असेल, तर अगदी कडेच्या टेबलावर तुषार येतात, तेव्हा एक रांग मागे बसणं शहाणपणाचं. मावळतीला बॅगपाइपच्या सुरात झेंडा उतरवला जातो. दहा मिनिटांचा सोहळा, पण मागचा सगळा पश्चिमेचा रंग धरला तर तो चुकवू नये. खाणं उघडं ठेवून फोटो काढायला उठलात, तर कावळे ते उचलतात.

नाश्त्यात सँडविच-आमलेटवर पोट भरू नये. गरम आप्पम, म्हणजे कडा कुरकुरीत असलेले वाटीसारखे हॉपर, मध्ये अंडं फोडून मागवावेत आणि सोबत पोल सांबोल घ्यावं. ओल्या खोबऱ्याची ही लाल चटणी तिखट असते, पहिल्यांदा चमचाभरच. मैदानावरच्या गाड्यांवरचा इस्सो वडा, डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवलेला, कढईतून निघालेला असेल तरच खावा. रचून ठेवलेल्या थाळीतला नको.

आत हिंडायला तासभर ठेवा. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी नौदलात असताना श्रीलंकेत घेतलेली १९३५ ची स्टँडर्ड नाइन मोटार इथे जपून ठेवलेली आहे. दारावर उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करणारे चट्टू कुट्टन हे मूळचे केरळचे. १९४२ मध्ये ते इथे लागले आणि २०१४ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले तोवर याच हॉटेलचे होते. पांढऱ्या मिशांचा हा माणूस हॉटेलची ओळख होऊन बसला होता, आणि इथल्या अगत्याबद्दल लोक अजून बोलतात त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

बिलात फसगत होते ती ‘प्लस प्लस’मुळे. मेन्यूवरच्या दरावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १८ टक्के व्हॅट लागतो. म्हणजे छापील १०० चे साधारण १३० होतात, शिवाय छोटे उपकर. खोलीचा दर विचारताना ‘सगळं धरून किती’ असंच विचारावं. पौर्णिमेला, पोयाच्या दिवशी, देशभर दारूविक्री बंद असते. अंगणात बसून सूर्यास्ताबरोबर काही प्यायचा बेत असेल, तर तारीख आधी पंचांगात बघा. भारतीय प्लग इथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर घरूनच न्यावा.

कटुनायके विमानतळ सुमारे पस्तीस किलोमीटर. द्रुतगती मार्गाने अंतर भरभर कापलं जातं, वेळ जातो तो शेवटच्या शहरी टप्प्यात, म्हणून ऑफिस सुटायच्या वेळी दीड तास धरावा. परतीचं विमान रात्रीचं असेल, तर दुपारी खोली सोडून सामान स्वागतकक्षात ठेवावं, अंगणातला सूर्यास्त पुन्हा एकदा बघावा आणि गर्दी ओसरल्यावर, आठच्या सुमारास, निघावं.