फ्रँचायझीचा करार वाचून देणाऱ्या केंटच्या वकीलबाई

सँडविचच्या एका चेनचं दुकान घ्यायचं ठरलं, तेव्हा कंपनीनं जाडजूड फाइल पाठवली. ती हातात पडल्यावर चौदा दिवस सही करता येत नाही, असा अमेरिकेत नियम आहे. त्या चौदा दिवसांत आम्ही इथल्या, वॉशिंग्टन राज्यातल्या केंटमधल्या या वकीलबाईंना गाठलं. फी ठरावीक, १,२०० डॉलर. फोन सहसा उचलत नाहीत, ईमेलच्या उत्तराला दोन दिवस लागतात. तरी पुन्हा काम पडलं तर मी त्यांच्याकडेच जाईन.

२०१६ साली मी अशाच एका चेनमध्ये काउंटरवर होते. तासाला ९ डॉलर ४७ सेंट, तेव्हाचं राज्याचं किमान वेतन. त्याच चेनच्या रेंटनच्या दुकानानं ११ डॉलर देऊ केले, शिवाय घरापासून एकच बस. दोन दिवसांनी तिथल्या मालकाचा फोन आला, ‘तुम्हाला घेता येत नाही.’ कारण काही सांगितलं नाही. माझं इंग्रजी कमी पडलं असंच मी कितीतरी दिवस धरून चालले होते.

यंदा फाइल वाचताना त्या नकारामागचं कारण असावं असं कलम समोर आलं: चेनमधल्या दुसऱ्या दुकानाचा माणूस, त्यानं काम सोडून सहा महिने झाल्याशिवाय ठेवायचा नाही. करार कंपनी आणि दुकानमालकाचा. ज्याचं पोट त्यावर चालतं, त्याला तो कधी दाखवतसुद्धा नाहीत. मला रडूच आलं.

बाईंनी घाई केली नाही. पाणी दिलं, मग फाइलच्या शेवटी जोडलेली वॉशिंग्टनची पुरवणी काढून एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली: आरसीडब्ल्यू (वॉशिंग्टन राज्याचे कायदे) ४९.६२.०६०. १ जानेवारी २०२० पासून कंपनीला दुकानदारावर अशी बंदी घालता येत नाही, कलम आत छापलेलं असलं तरी इथे ते रद्दबातल. त्याआधी राज्याचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) बॉब फर्ग्युसन या कलमाच्या मागे लागले होते. जुलै २०१८ मध्ये मॅकडोनाल्ड्ससह सात कंपन्यांनी देशभर ते सोडायचं लिहून दिलं, आणि २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत अशा चेन झाल्या २३७.

पण आम्हाला पुढेमागे नदीपलीकडे, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला दुसरं दुकान काढायचंय, आणि ही पुरवणी फक्त वॉशिंग्टनपुरती. हे आम्ही विचारलंही नव्हतं, त्यांच्याच ध्यानात आलं. त्यांनी कंपनीला पत्र लिहून मूळ करारातूनच ते कलम काढायला लावलं, त्याच फीमध्ये.

आपल्यापैकी कोणी फ्रँचायझी घेत असेल तर फाइल मिळाल्याच्या दिवशीच वेळ मागा. सगळी पानं छापून न्या, त्या स्क्रीनवर वाचत नाहीत. गाडी इमारतीच्या मागे लावा, पुढे जागा मिळत नाही.