दसऱ्यापर्यंत खोकं उघडू नका

अडतीस हजार पाचशे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण "काका, नेमके किती गेले?" हे सांगता सांगता माझा घसा सुकला आहे. हळहळ मिळावी म्हणून हे लिहीत नाही. ज्याच्या हातात पटाशी असते आणि डोक्यात जहाज असतं, अशा माणसाला ठग कसं गाठतात ते कळावं, एवढ्यासाठी लिहितो.

नागपूरला समुद्र नाही. अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव आहेत, आणि जुलैत रस्त्यावर साचतं ते आहे. तरीही लॉकडाऊनमध्ये मला लाकडी जहाजांची मॉडेलं करायचं वेड लागलं. वीज मंडळात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे नकाशा वाचायची सवय होती आणि निवृत्तीनंतर वेळही होता. आधी आईस्क्रीमच्या काड्यांचा एक मचवा केला, मग एका स्पॅनिश कंपनीचं छोटं किट आणलं. ते जमलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता शोकेसमध्ये जागा नाही." तिथेच थांबायला हवं होतं.

मनात बसली होती ती एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडियांनी बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, आख्खी सागवानाची आहे. इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. तिच्या नकाशांची गोष्ट मला फार आवडते. मुंबईला निघालेले पहिले नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावर होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ संपवलं आणि नकाशेही गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. मुळात हा आराखडाच फ्रेंचांकडून पकडलेल्या 'हेबे' या जहाजावरून उतरवलेला. म्हणजे वाडियांच्या हाती आली ती नकलेची नक्कल, पण त्यांनी जे बांधलं ते दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मलाही एक नक्कलच मिळाली.

तिचं सागवान मलबारचं, आपल्या बल्लारशाचं नव्हे. पण सागवान म्हटलं की विदर्भातल्या माणसाची छाती फुगतेच. नव्या संसदेला आपलं, अयोध्येतल्या मंदिराच्या दारांनाही आपलं. मॉडेलला मात्र साग चालत नाही. त्याची रेघ जाड असते, १:६४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या मॉडेलवर, ती खऱ्या जहाजावर बोटभर रुंद भेगेसारखी दिसते. म्हणून जगभर अक्रोड, पेअर, लाइमवूड असली बारीक रेघेची लाकडं वापरतात. मी हळदू वापरतो. पूर्वी ज्याचे कंगवे होत तेच पिवळसर लाकूड, लकडगंजात ओळख काढली तर तुकडे मिळतात. पण ट्रिंकोमालीसाठी मला खरा अक्रोड हवा होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, ते मी वर सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी व्हॉट्सॲपवर फिरत फिरत एक जाहिरात आली. ट्रिंकोमालीचं पूर्ण किट, माप १:६४, लेझरने कापलेल्या फ्रेम (जहाजाच्या फासळ्या), पितळी तोफा, अक्रोडाच्या पट्ट्या, आणि नकाशे 'ग्रीनविचच्या मूळ ड्रॉइंगवरून'. सोबत तयार जहाजाचे सात फोटो, दोरखंडाची प्रत्येक गाठ दिसेल असे. मी फोन केला. माणूस पुण्याचा म्हणाला, वय तिशी-पस्तिशीचं वाटलं, बोलणं अतिशय आदबशीर. "काका, तुम्ही आधी काय केलंय त्याचे फोटो पाठवा, उगाच कुणालाही मी हे देत नाही." घ्या! मी विकत घ्यायला निघालो होतो आणि परीक्षा माझीच सुरू झाली. फोटो पाठवले. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "काका, स्टर्नचं, मागच्या बाजूचं, काम अप्रतिम आहे." त्या एका वाक्यावर मी गेलो.

जाहिरातीत एक ओळ होती: 'पहिल्या थरासाठी लिंबाच्या लाकडाच्या पट्ट्या'. मला हसू आलं होतं. लाइमवूडचा लिंबाशी काडीचा संबंध नाही, ते युरोपातल्या लिंडेन नावाच्या झाडाचं लाकूड. ज्याने आयुष्यात एक जहाज बांधलंय तो असं लिहिणार नाही. पण मी मनात म्हटलं, भाषांतर करणाऱ्याने चूक केली असेल. पैसे पाठवताना यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, वहिनीचं खातं आहे, जीएसटीचं काम चालू आहे. तेही मी मानलं. आधी वीस हजार दिले, माल निघण्याआधी साडेअठरा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोकं आलं. चांगलं जाड, आत-बाहेर प्लास्टिक, चारही बाजूंनी सीलबंद. कुरियरच्या चिठ्ठीवर मालाची किंमत लिहिली होती १,८०० रुपये. मी ती चिठ्ठी वाचली, घडी केली आणि शर्टच्या खिशात ठेवली. अजूनही आहे.

आणि आता खरी गंमत. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, एक विनंती. खोकं आत्ता उघडू नका." का? "नागपूरचं हवामान तुम्हाला मी काय सांगू! मे महिन्यात लाकूड खडखडीत वाळतं, मग कूलरची ओल, मग पावसाळा. अर्धा मिलिमीटरच्या पट्ट्या आहेत, सील फोडलं की दोन दिवसांत केळीच्या सालीसारख्या वळतील. दसऱ्याला मुहूर्त करा. हवा कोरडी होते, लाकूड बसतं."

वाचणारे सुतार असतील तर सांगा, यात चूक काय आहे? काहीच नाही. लाकूड हवेतली ओल घेतं, फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि तेही रेघेच्या आडव्या दिशेने जास्त. माझ्या पहिल्या जहाजाचं डेक जुलैत फुगून मधोमध उचललं गेलं होतं, ते मीच त्याला सांगितलं होतं. त्याने माझाच अनुभव मला परत विकला. मी खोकं दिवाणच्या आत ठेवलं आणि चार महिने दिवाणवर लोळत ट्रिंकोमालीची स्वप्नं बघितली. मुलीने पुण्याहून दोनदा विचारलं, "बाबा, निदान बघून तर घ्या." मी तिला आर्द्रतेवर व्याख्यान दिलं.

दसऱ्याला रंधा, पटाशी, कानस, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर सगळं पाटावर मांडलं, झेंडू आणि आपट्याची पानं वाहिली, आणि खोकं उघडलं.

आधी वास आला. अक्रोडाचा नाही, बुटाच्या पॉलिशसारखा. पट्ट्या दिसायला सुरेख, गडद तपकिरी आणि सगळ्या एकाच रंगाच्या. खऱ्या लाकडात दोन पट्ट्या जुळत नाहीत हो! नकाशा उलगडला. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप मापपट्टीकडे गेला. १:६४ ला १० फूट म्हणजे ४७.६ मिलिमीटर. कागदावर भरले ४४. चष्मा पुसून पुन्हा मोजले, ४४च. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे ती ७१ सेंटीमीटर यायला हवी होती. भरली ६६. कुणीतरी दुसऱ्याचा नकाशा स्कॅन करून, कागदात बसवून छापला होता आणि छापताना तो साडेसात टक्क्यांनी लहान झाला होता.

तरी आशा सुटत नाही. म्हटलं, नकाशा चुकला असेल, फ्रेम नीट असतील. पाच मिलिमीटर प्लायची फ्रेम कण्याच्या खाचेत घालायला गेलो तर जाईना. व्हर्नियर लावला, खाच ४.६. एका क्षणात सगळं कळलं. लेझरसाठी तोच लहान झालेला नकाशा वापरला होता, सोबत खाचाही लहान झाल्या, आणि प्लाय बिचारा बाजारात मिळतो त्याच जाडीचा राहिला. खाचा घासून मोठ्या करता येतात. संध्याकाळभर तीन खाचा घासल्याही. मग लक्षात आलं की जहाजच मुळात लहान आहे आणि तोफा, कप्प्या, डोलकाठ्या मात्र पूर्ण मापाच्या. ते तरंगणार नाही आणि शोभणारही नाही. ७ आणि ८ नंबरच्या फ्रेम तर नव्हत्याच.

पट्ट्या घेऊन महालातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने एक पट्टी नखाने खरवडली, कडकन मोडली आणि माझ्यापुढे धरली. आत पांढरंफटक. "साहेब, हे तं पॉपलर आहे जी. प्लायच्या पोटात घालतात ते. वरून डाय मारलाय." घरी येऊन परातीत गरम पाणी घेतलं, चार पट्ट्या बुडवल्या. दहा मिनिटांत पाणी काळ्या चहासारखं झालं आणि पट्ट्या सावजीतल्या सुक्या खोबऱ्यासारख्या डागाळल्या. पितळी तोफेवर कानस फिरवली, आतून राखाडी निघाली.

त्याला फोन केला. रागावला नाही, आवाज चढवला नाही. "काका, अक्रोड रंग सोडतोच." हेही अर्धं खरं आहे, गरम पाण्यात अक्रोड थोडा रंग सोडतो. पण अक्रोड आतून पांढरा नसतो. मी मोडलेल्या पट्टीचा फोटो पाठवला. मग उत्तर आलं, "परतीची मुदत सात दिवसांची होती, काका. आणि सील तुम्ही फोडलंय." दुसऱ्या दिवशी नंबर लागेना.

त्या रात्री मुलीने ते सात फोटो गुगल लेन्सवर टाकले. दहा सेकंद लागले असतील. जहाज एका परदेशी हौशी माणसाचं निघालं, आणि मुळात ते ट्रिंकोमालीही नव्हतं, दुसरीच फ्रिगेट होती. तोफांची भोकं मी मोजलीच नव्हती. मुलगी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पैसे कधी पाठवले?" मे महिन्यात, म्हणालो. त्या थोडं थांबल्या. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, पहिल्या काही तासांना सगळं महत्त्व असतं. माझे चार महिने दिवाणखाली गेले होते. दसऱ्याच्या त्या सल्ल्याची खरी किंमत मला तिथे कळली. लाकूड वाळण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त वेळ हवा होता.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो: २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा पुण्याचा असो की पाटण्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज कसा करायचा ते १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगतात. माझी अडचण वेगळी. नोटीस पाठवायची कुणाला? बिलावर पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर मुलीने जाऊन पाहिलं, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार भला माणूस, त्याचाही याच्याशी संबंध नाही. पोलिसांना यूपीआयचा नंबर, बिल, चिठ्ठी, संभाषण सगळं दिलंय. बघू.

किट मागवणारच असाल तर खोकं दारात आलं की मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तिथेच उघडा, मग कुणी पावसाळा सांगो की ग्रहण. फ्रेमचे नंबर मोजा. नकाशावरची मापपट्टी पट्टीने मोजा, यात तीस सेकंद जातात. एक पट्टी मोडा. हो, मोडाच! प्रत्येक किटमध्ये चार जास्त असतात, आणि नसतील तर किट तसंही वाईट. पट्ट्या वळू नयेत असं वाटत असेल तर तपासून झाल्यावर दोरीने गठ्ठा बांधून सपाट फळीखाली ठेवा, सीलची गरज नसते. हे मला आधीपासून येत होतं. आधीचं किट मी असंच ठेवलं होतं.

मी पुन्हा हळदूवर आलोय. मिस्त्रीने दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढून दिल्या, पैसे घेईना, शेवटी चहा-पोहे तर्रीसकट पाजले. ट्रिंकोमाली सध्या राहू दे. एक साधं गलबत मांडलंय, नकाशा माझ्या हाताने काढलेला, मापपट्टीसकट.

गेल्या आठवड्यात सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राने मोबाइल पुढे केला. "तुमच्या कामाचं आहे बघा." नाव वेगळं, नंबर वेगळा, गाव आता नाशिक, किंमत बेचाळीस हजार. फोटो तेच सात. मी खाली सरकवत गेलो, लिंबाचं लाकूड तसंच होतं. शेवटी एक नवी ओळ घातली होती: 'पावसाळ्यात सील उघडू नये, अन्यथा हमी रद्द.' ती जाहिरात मी १९३० च्या जुन्या तक्रारीला जोडली आहे. ही ओळ तुमच्या मोबाइलवर आली, तर फोटो काढून तुम्हीही जोडा.