विश्रामबागेतला तिमाही निकाल वाचायचा क्लास: तीन रविवार, १५०० रुपये

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, आकड्यांची भीती नाही. पण शेअर घेतलेल्या कंपनीचा तिमाही निकाल बघितला की डोकं गरगरायचं, म्हणून नाव घातलं.

पहिल्याच रविवारी सरांनी सांगितलं, आकडे मागच्या तिमाहीशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. मला लगेच पटलं. आमचा हंगाम फेब्रुवारी ते मे. ती उलाढाल दिवाळीच्या उलाढालीशी लावली तर लोक खुळ्यात काढतील. मग ‘इतर उत्पन्न’, म्हणजे मूळ धंद्याबाहेरून आलेला पैसा. सरांनी रचलेल्या नमुन्यात नफा दुप्पट, विक्री होती तिथंच. खालची टीप वाचली तर जमीन विकलेली! निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वार्षिक असेल तर वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत जाहीर करावा लागतो, आणि तिमाहीला पूर्ण ऑडिट नव्हे, मर्यादित तपासणी पुरते, हेही तिथंच कळलं.

राग एकाच गोष्टीचा. रोख प्रवाह, म्हणजे खरा पैसा किती आला नि किती गेला, तो शेवटच्या वीस मिनिटांत गुंडाळला. अहो, विक्री वहीत दिसते आणि पैसा पेठेत अडकतो, अडत्याला दुसरं दुखणं काय असतं? चहा मात्र फक्कड. पाचपैकी चार.