थंडरबर्ड: रंगरंगोटी झाली, माळा अजून तसाच

थंडरबर्ड हा संगणकावर मेल वाचायचा, साठवायचा फुकट प्रोग्राम, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचा. तो मी २००७पासून वापरते. भाषांतराचं काम असल्यामुळे कामाची विचारणा, मजकूर, दुरुस्त्या, दुरुस्त्यांवरच्या दुरुस्त्या आणि 'बिल मिळालं, बघतो' हे सगळं मेलवरच चालतं. मधल्या काळात चार संगणक बदलले, पण मेलचं फोल्डर दर वेळी उचलून नव्या मशीनवर ठेवलं आणि काम पुढे चालू. आज ते ३१ जीबीचं आहे. तेव्हा हे परीक्षण तटस्थ वगैरे नाही, जुन्या भाडेकरूने घराबद्दल बोलावं तसं आहे.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकलाय ते कळेल. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या कामाच्या दरावरून वाद झाला. दर कबूल केल्याचा समोरच्याचा मेल मला आठवत होता, पण इनबॉक्स साफ करण्याच्या उत्साहात तो मीच उडवला होता आणि कचरापेटीही रिकामी केली होती. मग प्रोग्राम बंद करून इनबॉक्सच्या फाइलची प्रत काढली आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. ११ जीबीची फाइल! एडिटर पाच मिनिटं नुसता विचार करत बसला. पण आत सगळी पत्रं एकाखाली एक होती, पुसलेलीसुद्धा. प्रत्येकाच्या डोक्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ, आणि माझ्या मेलवर तिथे ०००९ हा आकडा. त्यातला १ म्हणजे वाचलेला, ८ म्हणजे पुसलेला. ९चा १ केला, ती प्रत मूळ फाइलच्या जागी ठेवली, शेजारची एमएसएफ ही अनुक्रमणिकेची फाइल उडवली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. मेल हजर, तारखेसकट!

थंडरबर्डमध्ये मेल पुसला म्हणजे त्यावर फक्त शिक्का बसतो. 'कॉम्पॅक्ट' केल्याशिवाय तो फाइलमधून जात नाही. कॉम्पॅक्ट करू का, असं प्रोग्राम मला वर्षानुवर्षं विचारत होता आणि मी दर वेळी 'नंतर' म्हणत होते. आळस असा कधीतरी कामाला येतो.

ही एमबॉक्स नावाची मांडणी युनिक्सच्या जमान्यातली आहे. एक फोल्डर म्हणजे एक लांबलचक मजकुराची फाइल. तिच्या शेजारी एमएसएफ ही अनुक्रमणिका, आणि ती 'मॉर्क' नावाच्या नेटस्केपच्या काळातल्या प्रकारात लिहिलेली. मॉर्कबद्दल कुणी प्रोग्रामर चांगलं बोलल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. फोल्डर रिकामं दिसतंय, मेलच्या जागी भलताच मेल उघडतोय, शोध अर्धवट येतोय, अशी रडगाणी बहुतेक वेळा त्या अनुक्रमणिकेची असतात. पत्रं शाबूत असतात, यादी बिघडलेली असते. 'रिपेअर फोल्डर'चं बटण त्यासाठीच आहे.

या प्रोग्रामला लोकांनी किती वेळा पोचवून परत यावं! पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ची. २०१२मध्ये मोझिलाने सांगितलं की यात आता नवं फार काही करणार नाही. २०१५च्या शेवटी तर याला फायरफॉक्सपासून वेगळं काढायची भाषा सुरू झाली. २०२०मध्ये मोझिला फाउंडेशनच्या छत्राखाली एमझेडएलए ही वेगळी कंपनी निघाली आणि तिथून चित्र पालटलं. २०२२ साली ३ लाखांवर लोकांनी मिळून सुमारे ६४ लाख डॉलर देणगी दिली. फुकटच्या, म्हाताऱ्या प्रोग्रामला!

त्या पैशांतून काय आलं? आधी चेहरा. जुलै २०२३ची ११५वी आवृत्ती, 'सुपरनोव्हा'. मेलची यादी कार्डांसारखी दिसू लागली, वरच्या पट्ट्या हलल्या. मी दहा मिनिटांत टेबलाची जुनी मांडणी परत लावली. तशी सोय ठेवलीये, याचे गुण द्यायलाच हवेत. अक्षरांची दाटी कमीजास्त करता येते तेही छान, चाळिशीनंतर त्याची किंमत कळते. पण हा रंगाचा हात होता. माळ्यावर, म्हणजे मेल साठवण्याच्या त्या जुन्या मांडणीकडे, कुणी चढलं नव्हतं.

मार्च २०२५पासून दर महिन्याला नवी आवृत्ती येते. ज्यांना धावपळ नको त्यांच्यासाठी वर्षाकाठी एकदाच बदलणारी ईएसआर ही आवृत्ती आहे. मी तीच वापरते आणि कामासाठी मेल वापरणाऱ्या कुणालाही तीच सुचवेन.

मग एक्स्चेंज. ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरवर आहे म्हणून थंडरबर्ड सोडलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. नोव्हेंबर २०२५च्या १४५व्या आवृत्तीत तो मेल वेगळं ॲडऑन न जोडता चालू लागला, तोही रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्याने लिहिलेल्या कोडवर. गंमत अशी, की एक्स्चेंजशी जोडून घ्यायच्या ज्या ईडब्ल्यूएस नावाच्या दारातून हे आत शिरले, ते ऑनलाइन एक्स्चेंजसाठी ऑक्टोबर २०२६पासून बंद करायचं मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलं होतं. पाहुणे उंबऱ्यावर पोचले आणि यजमानांनी दार भिंतीत बुजवायला घेतलं. आता ग्राफ या पुढच्या दाराची तयारी चाललीये. स्वतःचा मेल सर्व्हर नसलेल्या प्रोग्रामचं नशीब हे असं.

म्हणूनच बहुधा 'थंडरमेल' निघालंय. थंडरबर्डची स्वतःची मेलसेवा, पैसे भरून वापरायची, जोडीला भेटीच्या वेळा ठरवणं आणि मोठ्या फाइली पाठवणं. लोक यावर नाकं मुरडतात. मला यात पाप दिसत नाही. देणगीवर पगार किती वर्षं भागणार? फक्त एक होऊ नये: सेवा घेणाऱ्याला प्रोग्राम चांगला चालतो आणि दुसरीकडचा मेल वापरणाऱ्याला 'जमेल तसा'. मला मेल ठेवणारा आणि मेल दाखवणारा निरनिराळे हवेत. एकाशी वाजलं तर दुसऱ्याच्या जिवावर निघून जाता येतं.

फोनवरचं ॲप म्हणजे अँड्रॉइडवरचा जुना के-९ मेलच, ३० ऑक्टोबर २०२४ला थंडरबर्डच्या नावाने आलेला. क्यूआर कोड दाखवला की संगणकावरच्या खात्यांच्या सेटिंग्ज फोनवर येतात. फक्त संगणकावरच साठवलेल्या मेलच्या 'लोकल फोल्डर्स' मात्र येत नाहीत, म्हणजे माझ्या ३१ जीबीपैकी बरंचसं घरीच राहतं. ॲपबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. बरं चालतं.

आता माळा. दर फोल्डरमागे एक मॉर्क अनुक्रमणिका, याऐवजी सगळ्या मेलची मिळून एसक्यूलाईट या डेटाबेसमध्ये एकच यादी करायचं काम चालू आहे, 'पॅनोरमा' म्हणतात त्याला. आलेला मेल इनबॉक्समध्ये आणि आपलं उत्तर 'सेंट'मध्ये, तरी दोन्ही एका संवादात सलग दिसावीत, हे त्याशिवाय धड जमत नाही. इतर मेलवाल्यांकडे ते कधीपासून आहे. हे काम बाहेरून दिसत नाही, त्यावर टाळ्या पडत नाहीत, आणि जिन्यातली पायरी बदलताना घरातली माणसं वर-खाली करतच असतात. माझं मत विचाराल तर देणगीचा मोठा हिस्सा इथेच जावा. 'प्रत्येक मेलला वेगळी फाइल' हा पर्यायही सेटिंग्जमध्ये वर्षानुवर्षं अर्धाकच्चा बसलाय. तो एकदा शिजवा.

यादी हवी तशी बदला, अजिबात तक्रार नाही. पत्रं मात्र माझ्या डिस्कवर, साध्या एडिटरने उघडतील अशीच राहू देत.

नव्याने घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: तीन-चार खाती असतील, जुना मेल जपायचा असेल, तर डोळे मिटून घ्या. फक्त ताजा मेल फोनवर वाचायचा असेल तर हा व्याप कशाला? कॉम्पॅक्टचं म्हणाल, तर 'आपोआप करा'वरची खूण मी काढून टाकलीये. वर्षातून एकदा सगळ्याची प्रत काढते आणि मग हाताने करते.