घाट चढणाऱ्या ट्रेलरसाठी मोटर आणि कंट्रोलर : दोन पर्यायांचा आढावा

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन बोरघाटाने तळेगाव-चाकणकडे जाणारी डिझेल गाडी विजेवर आणायची ठरली, की विक्रेत्यांची माहितीपत्रके येऊ लागतात आणि प्रत्येकावर कमाल शक्तीचा आकडा ठळक छापलेला असतो. तो आकडा बहुधा मिनिटभर टिकणाऱ्या शक्तीचा असतो. ४० टनांची गाडी खोपोलीहून खंडाळ्याला, म्हणजे सुमारे ५०० मीटर वर, नेण्यासाठीच ५४ युनिटच्या आसपास वीज लागते. ही चढण अर्ध्या तासात पार करायची, तर चाकांना सरासरी शंभर किलोवॉटहून अधिक शक्ती सलग मिळत राहिली पाहिजे. म्हणून एआयएस-०४१ या भारतीय वाहन-मानकानुसार मोजलेली, सलग तीस मिनिटे टिकणारी शक्तीच विचारावी.

माझ्यापुढे अखेर दोनच पर्याय उरले होते आणि दोन्ही मी वापरून पाहिले आहेत. पहिल्यात गिअरबॉक्स काढून तिथे कमी फेऱ्यांची, मोठ्या टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) पर्मनंट मॅग्नेट मोटर, म्हणजे रोटरमध्ये कायमचे चुंबक असलेली मोटर, आणि तिच्याच उत्पादकाचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारे उपकरण, बसतो. दुसऱ्यात मूळ गिअरबॉक्स तसाच राहतो, त्याला मॅग्नेट नसलेली इंडक्शन मोटर जोडली जाते आणि कंट्रोलर असा घेतला जातो, की त्याच्या सेटिंग गॅरेजमध्ये बदलता येतात.

विजेच्या बचतीत पहिला पर्याय सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल. इंडक्शन मोटरच्या रोटरमध्येही (आतल्या फिरत्या भागात) उष्णता तयार होते आणि ती बाहेर काढणे अवघड असते; शिवाय गिअरबॉक्स स्वतःचा वाटा खातो तो वेगळाच. मात्र चढावर खालचा गिअर टाकला, की मोटर अधिक फेऱ्यांवर आणि कमी टॉर्कवर चालते, तिला लागणारा करंट घटतो आणि ती उष्णता आटोक्यात राहते. घाटातल्या कोंडीत ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची काही ड्रायव्हरांना सवय असते. अशा वेळी मोटर फिरत नसल्याने कंट्रोलरच्या तीन फेजपैकी (मोटरला वीज पुरवणाऱ्या वाटांपैकी) एकीवरच सर्वाधिक भार पडू शकतो आणि कंट्रोलर तापून टॉर्क कमी करतो. खालच्या गिअरमुळे इथेही सवड मिळते.

तरीही दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने माझा निर्णय झाला तो घाटात नव्हे, बंदराच्या गेटवर. तिथल्या रांगेत गाडी हातभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. डिझेल गाडीत ड्रायव्हर क्लच अलगद सोडतो, त्यामुळे फिफ्थ व्हील (गाडीवरची जोडणीची तबकडी) आणि किंगपिन (तीत अडकणारा ट्रेलरचा खुंट) यांच्यातला प्ले, म्हणजे मोकळी फट, हळूच भरून निघतो. मोटरचा टॉर्क शून्य फेऱ्यांपासूनच हजर असल्याने पेडलला पाय लागताच ट्रेलरचा धाडकन धक्का पाठीत बसतो. यावरचा उपाय एका सेटिंगचा आहे: टॉर्क किती वेळात चढावा, एवढेच ठरवायचे. परंतु ती वेळ फार वाढवली, तर चढावर ब्रेक सोडताच भरलेली गाडी मागे घसरते. म्हणजे गेट आणि घाट यांचा मध्य प्रत्यक्ष चालवूनच काढावा लागतो. पहिल्या पर्यायात ही सेटिंग पासवर्डमागे होती. पुरवठादाराचा इंजिनिअर स्वतःचा लॅपटॉप घेऊन त्याच्या सोयीने येई, एक आकडा बदलून जाई आणि पुढच्या बदलासाठी आम्ही पुन्हा त्याची वाट पाहत बसू. दुसऱ्या पर्यायात आम्ही केबिनमध्येच केबल जोडून बसलो आणि शेजारचा ड्रायव्हर “साहेब, अजून थोडं मऊ करा” म्हणेल तसे आकडे बदलत गेलो.

टोइंगचा, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा, मुद्दा किरकोळ वाटतो, पण रस्त्यावर तो महत्त्वाचा ठरतो. मॅग्नेट असलेली मोटर चाकांबरोबर फिरली, की बंद गाडीतही व्होल्टेज तयार करते; गिअरबॉक्स नसेल तर न्यूट्रलही नाही, म्हणून आधी मोटर आणि मागची चाके जोडणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवावा लागतो. त्यात एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा मॅग्नेटमध्ये लागणाऱ्या डिस्प्रोसियमसारख्या धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यापासून, उष्णतेत टिकणाऱ्या मॅग्नेटची मोटर वेळेवर मिळेलच असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते.

दुसऱ्या पर्यायातही त्रास आहे. क्लच नसताना गिअर बदलायचा, तर मोटरच्या फेऱ्या जुळेपर्यंत थांबावे लागते आणि जुन्या ड्रायव्हरांना ही सवय लागायला वेळ जातो. मंजुरी एआयएस-१२३ या मानकाखाली गाडी विजेवर आणण्याच्या संपूर्ण किटला मिळते, त्यामुळे सेटिंग मोकळ्या आहेत म्हणून कमाल शक्तीला हात लावता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

गाडी बंदर आणि जवळचे यार्ड एवढीच सपाटीवर फिरणार असेल, तर पहिला पर्याय घ्यायला हरकत नसावी. फक्त आगाऊ रक्कम देण्यापूर्वी टॉर्क चढण्याच्या सेटिंगचा पासवर्ड आपल्याला मिळेल, ही अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये लेखी घालून घ्यावी.